गुलमर्गच्या आधी चिठ्ठ्या टाका

ताई, आम्ही सहा जण अकरावीत आहोत, चार मुली आणि दोन मुलं. शाळेपासूनचा ग्रुप. ख्रिसमसच्या सुट्टीत, २४ ते ३१ डिसेंबर, गुलमर्गला जाऊन स्नोबोर्डिंग करायचं आमचं चाललंय. आमच्यापैकी कुणी आजवर बर्फ पाहिलेला नाही, पण रील्स बघून बघून वेड लागलंय. एक मित्र म्हणतो, गोंडोल्यानं, म्हणजे तिथल्या केबल कारनं, थेट वर जायचं आणि बोर्डवरून खाली यायचं. माझी आई म्हणते, मोठं माणूस सोबत असेल तरच. एका मैत्रिणीच्या बाबांनी काश्मीरचं नाव काढताच ‘नाही’ म्हटलं. आणखी एक मित्र दर वेळी नुसता ‘बघतो’ म्हणतो. घरी विचारलंस का म्हटलं की विषय बदलतो. सगळं प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलंय. कुठे, कधी, किती दिवस, किती पैसे, काही सुचत नाही. पुढच्या वर्षी बारावी, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.
— अकरावीतली एक, नागपूर

आधी तारखा बदल. २४ ते ३१ डिसेंबर म्हणजे गुलमर्गचा सगळ्यांत गर्दीचा आठवडा. हॉटेलं महाग, गाड्या महाग, आणि बर्फाचा भरवसा नाही. काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचे जे चाळीस दिवस, ज्यांना तिकडे चिल्लई कलां म्हणतात, ते सुरूच होतात २१ डिसेंबरला. भुरभुर बर्फ पडला म्हणजे बोर्ड चालतो असं नाही. खालचे दगड-गवत झाकून वर चांगला थर बसावा लागतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळजवळ महिनाभर उघडेबोडके होते, घोड्यावर फेरी मारून लोक परत येत होते. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा फेब्रुवारीत बर्फ कमी म्हणून पुढे ढकलला आणि मार्चमध्ये घेतला. म्हणजे फेब्रुवारीचीही हमी नाही. पण ज्यांनी कधी बोर्ड पायाला लावलेला नाही त्यांच्यासाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हाच त्यातल्या त्यात खात्रीचा काळ.

तुमच्या दृष्टीनं तो बसतोही. बारावीची बोर्डाची परीक्षा २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला सुरू झाली होती, आणि ती लागली की ज्युनिअर कॉलेजात अकरावीच्या वर्गांना तसाही काही अर्थ उरत नाही. तुमच्यात कुणी सीबीएसईचं असेल तर मात्र त्याची वार्षिक परीक्षा कधी आहे ते आजच विचार. क्लासवाल्यांच्या टेस्टचं वेळापत्रकही मागून घे, कारण नागपुरात आईबाबा कॉलेज बुडालेलं एक वेळ चालवून घेतील, क्लास बुडालेला नाही.

दिवस दहा धर. आठ दिवसांत हे होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेतलंस तर बाकीचं प्लॅनिंग आपोआप सुटेल.

स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर एकच पाय बांधायला लावतो आणि सपाटीवर सरकायला शिकवतो. मग दोन्ही पाय बांधून, उताराकडे तोंड करून, टाचेकडची कड बर्फात रुतवून हळूहळू आडवं घसरायचं. ती कड जरा सैल सोडली आणि उताराकडची कड बर्फात अडकली की माणूस क्षणात तोंडावर नाहीतर पाठीवर. याला काही इलाज नाही, सगळे पडतात. दुसऱ्या दिवशी बोटांकडची कड, म्हणजे उताराकडे पाठ करून तेच. तिसऱ्या दिवशी झाडाचं पान हेलकावे घेत खाली येतं तसं डावीकडे-उजवीकडे करत उतरायला जमतं, आणि चौथ्या दिवशी कुठे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर वळण घेता येतं. रीलमध्ये दिसतं ते त्यानंतरचं. स्कीइंग पहिल्या दिवशी सोपं वाटतं आणि पुढे अवघड होत जातं. बोर्डिंगमध्ये पहिले दोन दिवस नुसती हाडं दुखतात आणि मग एकदम मजा यायला लागते. म्हणून दोन दिवसांचं ‘स्नोबोर्डिंग पॅकेज’ घेणारे नेमके मजा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बॅगा भरतात. उतारावरचे चार दिवस हवेतच. त्याआधी एक दिवस विश्रांतीचा, शेवटी एक मोकळा, आणि उरलेले येण्याजाण्याचे.

विश्रांतीचा दिवस कापू नकोस. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. पोचल्या पोचल्या पळापळ केली की डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. पहिल्या दिवशी फक्त फिरा, पाणी प्या, बूट-बोर्ड मापून घ्या. कुणाचं डोकं दुसऱ्या दिवशीही ठणकत असेल तर त्यानं उतारावर यायचं नाही आणि लपवायचंही नाही, हे निघण्याआधीच ठरवून टाका.

आता तुझ्या गोंडोलावाल्या मित्राबद्दल. गोंडोल्याचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,१०० मीटर. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरवर नेतो. तिथून खाली येणारा उतार मुख्यतः मोकळा डोंगर आहे, आखून-दाबून दिलेली घसरपट्टी नाही. तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे पोलंडचे दोघे दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ही माणसं बर्फात मुरलेली होती. तुमचा पोट्टा फुटाळा तलावाकाठी स्केटबोर्ड चालवत असेल, भारीही चालवत असेल, पण अफरवट त्याच्यासाठी नाही. हवं तर बोर्ड खाली ठेवून, साधं तिकीट काढून, गोंडोल्यातून वर जाऊन फोटो काढून परत गोंडोल्यातूनच खाली या. तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि गर्दीच्या दिवसांत लवकर संपतात. शिकायची जागा म्हणजे गावाजवळचे बेबी स्लोप, दोरीला धरून वर ओढून नेणाऱ्या लिफ्टवाले. सहाच्या सहा जणांनी चारही दिवस तिथेच काढले तरी काही चुकलं नाही. यावर वाद घालणारा असेल तर त्याला न्यायचंच नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत सांग. तुला सांगणं जड जात असेल तर माझं नाव सांग.

शिकवायला कोण? गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, तिचे हिवाळ्यात वर्ग असतात. तिथे फोन करून वयाची अट आणि त्या आठवड्यात स्नोबोर्डची तुकडी आहे का, ते विचार. तिथे जमलं नाही तर खासगी इन्स्ट्रक्टर मिळतात, पण ते इथूनच ठरवायचे. उतारावर उतरल्या उतरल्या ‘सर, स्नोबोर्ड? मॅडम, स्कीइंग?’ म्हणत दहा जण गराडा घालतात, त्यांतला चांगला कोण हे ओळखणं तुमच्या हातात नसतं. एका इन्स्ट्रक्टरमागे तीन जण, म्हणजे तुम्हाला दोन. एकच घेतला तर पैसे वाचतील, पण पाच जण थंडीत बसून सहाव्याचं शिकणं बघतील.

हॉटेलच्या आधी इन्स्ट्रक्टर ठरव. बहुतेक लोक उलटं करतात.

आता त्या ‘बघतो’ म्हणणाऱ्या मित्राकडे येते, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. सतरा वर्षांच्या मुलानं मित्रांमध्ये ‘बघतो’ म्हणून विषय बदलला की शंभरातल्या नव्वद वेळा त्याचा अर्थ ‘घरी एवढे पैसे नाहीत’ असा असतो. त्याला खोपच्यात घेऊन विचारू नकोस. ग्रुपवर तर अजिबात नको. आणि सगळ्यांनी मिळून त्याचे पैसे भरू या, ही कल्पना कुणाच्या डोक्यात येईल, ती तिथेच मोड. ती दिलदार वाटते, पण पुढे वर्षभर तो पोरगा तुमच्यासमोर मान खाली घालून वावरेल.

त्याऐवजी असं कर. सहाही जणांनी घरी विचारून, घरचे जास्तीत जास्त किती देऊ शकतात तो आकडा एका चिठ्ठीवर लिहायचा, नाव न घालता, आणि डब्यात टाकायचा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांनी फक्त आकडा लिहायचा. डबा तू उघडायचा. सगळ्यांत लहान आकडा हे तुमच्या सहलीचं बजेट, सरासरी नाही. कुणाची चिठ्ठी हे शोधायचं नाही. त्या आकड्यात गुलमर्ग बसलं तर उत्तम. नाही बसलं तर यंदा पचमढी करा, सगळे मिळून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाका आणि गुलमर्ग बारावी झाल्यावरच्या हिवाळ्यात, कॉलेजच्या पहिल्या वर्षी करा. तोवर तुम्ही अठरा पूर्ण केलेली असाल, त्यामुळे निम्म्या कटकटी आपोआप संपतील. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ हे तुझं वाक्य मला पटलेलं नाही. गुलमर्ग कुठे जात नाही.

आकडे मी देत नाही, कारण दर हंगामात आणि गर्दीप्रमाणे भाव बदलतात. पण खर्चाची खाती सांगते, म्हणजे तू फोन करून लिहू शकशील. प्रवास, राहणं-खाणं, इन्स्ट्रक्टर, बोर्ड-बूट-हेल्मेटचं भाडं, वॉटरप्रूफ जॅकेट-पँटचं भाडं, लिफ्ट, गाडी. गाडीच्या खात्यात लोक फसतात. श्रीनगर ते गुलमर्ग ५० किलोमीटरच आहे, पण ताजा बर्फ असला की तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात, आणि तिथे दुसरी गाडी करावी लागते. तिचे पैसे वेगळे. गाडी, इन्स्ट्रक्टर आणि खोली यांचा खर्च माणसामागे नसतो, तो सगळ्यांत मिळून असतो. समजा एका गाडीचे ६,००० झाले, तर सहांत प्रत्येकी १,०००, आणि एक जण ऐन वेळी गळाला की पाचांत १,२००. म्हणून ठरावीक तारखेनंतर नाव मागे घेणाऱ्यानं या सामायिक खर्चातला आपला वाटा द्यायचा, हे आधी लिहून ठेवा. आजारपण वगळून. मैत्री टिकवायची असेल तर हे लिहिलेलंच बरं.

प्रवासाचं म्हणशील तर नागपूर-दिल्ली रात्रीची रेल्वे आणि दिल्ली-श्रीनगर विमान, हे सरळ. पूर्ण रेल्वेनं जायचं तर नागपूरवरून कटऱ्यापर्यंत जाणारी गाडी आहे, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. ती तीन तासांत पोचवते. स्वस्त पडेल, पण प्रवासात जास्त दिवस जातील, तेव्हा दहाचे बारा होतील. कशानंही जा, परतीच्या विमानाच्या दिवशीच दिल्लीहून नागपूरची गाडी पकडायची असं आखू नकोस. श्रीनगरला बर्फ आणि दिल्लीला धुकं, दोन्हीचा फेब्रुवारीत नेम नसतो. मघाशी शेवटी एक मोकळा दिवस म्हटलं, तो यासाठी.

मैत्रिणीच्या बाबांना मी दोष देणार नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे झालं, त्यानंतर मुलीला काश्मीरला पाठवायला बाप घाबरला तर त्यात नवल नाही. त्यांना रील्स दाखवून पटवायला जाऊ नका. ते नाही म्हणत असतील तर पर्याय काढा. मनालीजवळ सोलंग खोरं आहे. उतार लहान आहे आणि सुट्टीच्या दिवशी ट्यूबवर घसरणाऱ्यांची जत्रा असते, पण आठवड्याच्या मधल्या दिवसांत शिकायला पुरतं. मनालीच्याच वर हामटाच्या बाजूला सेथन नावाचं छोटं गाव आहे, तिथे हल्ली स्नोबोर्डवाल्यांचाच राबता असतो. औलीचं नाव कुणी घेईल. छान जागा आहे, पण तिथे मुख्यतः स्कीइंग चालतं, ऋषिकेशपासून जोशीमठ दिवसभराचा घाटाचा रस्ता आहे, आणि जमीन खचल्यानंतर २०२३ च्या जानेवारीत जोशीमठ-औली रोपवे बंद पडला. तुमच्यासाठी मी औली बाद करीन.

मोठं माणूस हवंच, आई बरोबर आहे. अठराच्या खालच्या मुलांना बहुतेक हॉटेलं एकटं खोली देतही नाहीत. चार मुली आहेत, तेव्हा एक बाई आणि एक पुरुष असे दोघे मिळाले तर घरोघरीचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतील. कुणाची मावशी, कुणाचा काका. या दोघांनी बोर्डिंग शिकायचं नाही. त्यांनी उताराच्या पायथ्याशी कहवा पीत बसायचं, सगळ्यांकडे लक्ष ठेवायचं, आणि कुणी पडलं तर पळायचं. त्यांच्या खर्चाचा वाटा तुम्हा सहांच्या अंगावर येतो, तो चिठ्ठ्यांच्या हिशोबात आधीच धर. आणि त्यांतल्या एकाकडे तरी पोस्टपेड सिम असू दे. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. हे कळत नाही आणि मग श्रीनगर विमानतळावर सहा मुलांचे फोन एकदम मुके होतात, इकडे सहा घरांत बोंबाबोंब.

कपड्यांसाठी बर्डीच्या बाजारात हजारो उडवायची गरज नाही. बाहेरचं वॉटरप्रूफ तिथेच भाड्यानं मिळतं. आतून सुती बनियन आणि जीन्स मात्र नको. घामानं आणि बर्फानं ओली झाली की वाळत नाही आणि अंग गारठतं. लोकरी किंवा पॉलिस्टरचं थर्मल घ्या. मधला स्वेटर हिवाळ्यात इथे तिबेटी लोकांचा बाजार लागतो तिथून घेतला तरी झकास. हातमोजे दोन जोड. गॉगल स्वतःचा, अतिनील किरण अडवणारा, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. ढगाळ दिवशीही चेहरा भाजून निघतो.

एक वस्तू मात्र नागपुरातूनच विकत घेऊन जा: रोलर स्केटिंगवाले वापरतात ते मनगटाचे गार्ड. नवख्या बोर्डरची सगळ्यांत नेहमीची मोडतोड मनगटाची असते, कारण पडताना माणूस आपसूक तळहात पुढे टेकवतो. मूठ मिटून पडायची सवय इथेच गादीवर करा. पुढे पडताना गुडघे आणि कोपरापुढचा हात, मागे पडताना हनुवटी छातीला लावून बसकण मारून पाठीवर गोल. हेल्मेटशिवाय कुणी उतारावर पाय ठेवायचा नाही. भाड्याचे बूट घालून पुढे वाका; टाच आतल्या आत वर उचलली जात असेल तर तो बूट परत द्या, दुकानदार कितीही ‘फिट है’ म्हणो.

आणखी एक गंमत घरी करून बघा. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन पावलं पळा आणि घसरा. जो पाय आपोआप पुढे गेला तो बोर्डवर तुमचा पुढचा पाय. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. भाड्याच्या दुकानात हेच विचारतात, आणि उत्तर माहीत नसलं की हाताला येईल तशी बाइंडिंग, म्हणजे बोर्डवर बूट अडकवायचे पट्टे, लावून देतात. मग दोन दिवस आपल्याला बोर्ड का जमत नाही याचं कोडं सुटत नाही. आजपासून रोज उठाबशाही सुरू करा, आणि एखाद्या रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या न थांबता चढून बघा. ज्याला तिथे धाप लागली त्यानं स्वतःच समजून घ्यावं.

दमा असेल, पूर्वी हाड मोडलं असेल, काही ॲलर्जी असेल तर प्रत्येकाच्या पालकांनी कागदावर लिहून सही करून द्यायची. तो कागद, आधारची प्रत आणि रक्तगट मोठ्या माणसाजवळ राहील. प्रवासाचा विमा काढताना साहसी खेळ त्यात धरलेत का ते विचार, बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात. मोठं हॉस्पिटल श्रीनगरला आहे आणि मधला रस्ता बर्फाचा, तेव्हा इथे शे-दोनशे वाचवू नका.

मग सहाही घरच्या आईबाबांना एका रविवारी एकाच घरी बोलव. तर्री-पोहे करा, वातावरण निवळतं. तारखा, इन्स्ट्रक्टरचं नाव आणि फोन, सोबतची मोठी माणसं, गुलमर्ग नाहीतर सोलंग, आणि किती तारखेपर्यंत रद्द केलं तर किती पैसे परत, एवढं एका पानावर लिहून प्रत्येकाच्या हातात दे. बोलणं तू कर. तो गोंडोलावाला मित्र बोलायला लागला की कुणीतरी त्याला पोहे वाढायला पाठवा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १ फेब्रुवारीला निघायचं ठरलं तर ३ डिसेंबरला सकाळी आठ वाजता. आईच्या नावाचं आयआरसीटीसी खातं आधारशी जोडून आत्ताच तयार ठेव, आणि हॉटेल-विमान मात्र पैसे परत मिळतील असंच घे, म्हणजे जानेवारीअखेर गुलमर्गचे उतार कोरडे दिसले तर तारीख पुढे सरकवता येईल.